रीतीला किती गुण?

शनिवारी रात्री साडेअकराला मी एका प्रोग्रामशी भांडत होते. कोणत्याही संख्येत शून्य मिळवलं की तीच संख्या येते, एवढंच माझं म्हणणं होतं. ते त्याला मान्य नव्हतं.

पार अडाणी आहे म्हणावं, तर तसंही नाही. शून्यात क्ष मिळवला की क्ष, हे त्याला लगेच पटलं होतं. मी 'रिफ्ल' एवढा एकच शब्द लिहिला. "दोन्हीकडे एकच आहे, तूच बघ," असा त्याचा साधारण अर्थ. त्याने बघितलं आणि मान डोलावली. मग मी क्ष पुढे घेतला, शून्य मागे टाकलं आणि पुन्हा 'रिफ्ल' लिहिलं. उत्तर आलं: 'क्ष + ०' आणि 'क्ष' एक नाहीत.

"झोपणार आहेस का?" आतून आवाज आला.

"हा म्हणतो क्ष अधिक शून्य म्हणजे क्ष नाही."

"मग नसेल," नवरा म्हणाला आणि दिवा बंद केला.

प्रोग्रामचं नाव अग्डा. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात तो घडला. टाइप थिअरी नावाच्या गणिताच्या शाखेवर तो उभा आहे. टाइप म्हणजे वस्तूचा प्रकार: ही संख्या, ते फंक्शन, असं. तिथे विधान म्हणजे एक टाइप, आणि ते विधान सिद्ध करणं म्हणजे त्या टाइपचा प्रोग्राम लिहिणं. प्रोग्राम तपासून पास झाला की सिद्धता झाली. मी पोटासाठी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, बी.एस्सी.ला गणित होतं, आणि गेल्या दिवाळीपासून रात्री हा उद्योग चालू आहे. कशासाठी, असं कोणी विचारलं की मी विषय बदलते.

त्याला बेरीज कशी शिकवली आहे ते पाहिलं की राग थोडा उतरतो. तिथे नैसर्गिक संख्या दोनच तऱ्हेने बनते: एक तर ती शून्य असते, नाहीतर कुठल्यातरी संख्येच्या 'पुढची'. बेरजेचे नियमही दोनच. शून्य अधिक य म्हणजे य. 'क्षच्या पुढची' अधिक य म्हणजे 'क्ष अधिक य'च्या पुढची. बास. आता '० + क्ष' समोर आलं की तो पहिल्या जागी बघतो, शून्य दिसतं, पहिला नियम लागतो, क्ष उरतो. 'क्ष + ०' आलं की पुन्हा पहिल्याच जागी बघतो. तिथे क्ष. हा शून्य आहे की कुणाच्या पुढचा आहे? माहीत नाही. मग कुठलाच नियम लागत नाही आणि तो तिथेच हातावर हात ठेवून बसतो.

गंमत म्हणजे लीन नावाचं दुसरं असंच यंत्र आहे (लिओनार्दो द मौरा यांनी २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये सुरू केलेलं), आणि त्यात बेरीज दुसऱ्या जागेकडे बघून केलेली आहे. त्यामुळे तिथे 'क्ष + ०' फुकटात मिळतं आणि '० + क्ष'साठी घाम गाळावा लागतो. दोघांनाही अर्धंच गणित आपोआप कळतं, आणि ते अर्धं एकमेकांच्या उलटं.

घाम म्हणजे फार काही नाही. इंडक्शन लावायचं, म्हणजे मराठी पुस्तकातलं गणिती विगमन. शून्यासाठी खरं आहे, एका संख्येसाठी खरं असेल तर पुढचीसाठीही खरं, म्हणून सगळ्यांसाठी. चार ओळींत काम झालं. प्रत्येक क्षसाठी 'क्ष + ०' बरोबर क्ष, असा रीतसर पुरावा माझ्या हातात आला.

मग मला पुढचा किडा चावला. 'क्ष दिला की क्ष + ० देणारं' हे एक फंक्शन. 'क्ष दिला की क्षच देणारं' हे दुसरं. कोणतीही संख्या द्या, दोघांचं उत्तर तेच येतं, आणि तसा पुरावाही आहे. मग ही दोन फंक्शनं बरोबर आहेत, असं लिहिता येईल ना?

नाही येत. रात्री दीडपर्यंत मी सगळे प्रकार करून पाहिले. शेवटी कळलं की हे मलाच जमत नाहीये असं नाही. अग्डाच्या मूळ नियमांत याचा पुरावा अस्तित्वातच नाही.

*

आमचे बाबा नाशिकरोडला पस्तीस वर्षं गणित शिकवत होते. त्यांच्या हातचा पेपर परत आला की समासात लाल शाईत दोन शब्द ठरलेले असायचे: 'रीत कुठे?' मला सातवीत चक्रवाढ व्याजाच्या गणितात पाचपैकी दोन मिळाले होते. उत्तर पैशापर्यंत बरोबर होतं. मी घरी रडले तेव्हा सख्ख्या बापाने सांगितलं, "उत्तर शेजारच्या मुलीचंही बरोबर आहे. मला कसं कळणार तुझं कुठून आलं?"

अग्डाशी भांडताना मला तो लाल शेरा आठवत राहिला. फंक्शन म्हणजे नेमकं काय, यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही शाळेपासून आपल्या ओळखीची आहेत. एक: फंक्शन म्हणजे रीत. हे घे, याचं असं कर, मग तसं कर, जे येईल ते दे. दोन: फंक्शन म्हणजे पाढा. डावीकडे काय दिलं, उजवीकडे काय आलं, एवढी यादी. ती कशी तयार झाली याच्याशी देणंघेणं नाही. पहिल्या मतात दोन फंक्शनं बरोबर असायची तर रीत जुळायला हवी. दुसऱ्यात उत्तरं जुळली की झालं. पहिल्या बरोबरीला इन्टेन्शनल म्हणतात, दुसरीला एक्स्टेन्शनल. (हे इन्टेन्शनल हेतूवालं नव्हे. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे आणि त्या अक्षराने माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्ली.) आणि मराठीची पंचाईत अशी की 'बरोबर' हा शब्द आपण '=' या चिन्हासाठीही वापरतो आणि 'चूक नाही' यासाठीही.

भेद जुना आहे. जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेगे यांनी १८९२ मध्ये पहाटेची चांदणी आणि संध्याकाळची चांदणी यांचं उदाहरण घेऊन तो मांडला. दोन्ही म्हणजे शुक्रच, पण 'पहाटेची चांदणी म्हणजे संध्याकाळची चांदणी' या वाक्यात बातमी आहे आणि 'शुक्र म्हणजे शुक्र' यात नाही. आपल्याकडे दोन्ही वेळेला शुक्राचंच नाव घेतात, त्यामुळे उदाहरणातली हवा थोडी जाते. मला त्याहून चांगलं उदाहरण घरातच सापडलं.

देवळालीचे कापरेकर मास्तर. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५ चा. देवळालीत शाळामास्तर. त्यांनी १९४९ मध्ये शोधलेला खेळ बाबांनी मला चौथीत शिकवला होता. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. जे येईल त्याचं पुन्हा तेच. त्यांचंच जन्मसाल घेऊ: ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. मग ९५३१ वजा १३५९, ८१७२. मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. पुढे कितीही करा, ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. संख्या कोणतीही घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येऊन ठेपते. १९०५ ला पूर्ण सात लागतात, हे मला हा लेख लिहिताना कळलं आणि उगाचच बरं वाटलं.

आता दोन फंक्शनं बघा. पहिलं: दिलेल्या संख्येवर कापरेकरांची वजाबाकी सात वेळा करणारं. दुसरं: दिलेल्या संख्येकडे ढुंकूनही न बघता '६१७४' म्हणणारं. पुढची शून्यं चालवून घेतली तर चार अंकी १०,००० संख्या आहेत. त्यातल्या सारख्या अंकांच्या १० वगळल्या की ९,९९० उरतात. या ९,९९० वर दोन्ही फंक्शनांची उत्तरं तंतोतंत तीच. (त्या दहा वगळायलाच हव्यात. ११११ दिला तर पहिलं फंक्शन शून्य देतं आणि सगळा खेळ फसतो. उत्तरांची बरोबरी कुठल्या संख्यांवर तपासतो आहोत हे आधी ठरवावं लागतं, आणि टाइप थिअरीत ते फंक्शनच्या टाइपमध्येच लिहिलेलं असतं.)

रविवारी फोन केला तेव्हा बाबांना विचारलं, "ही दोन एकच म्हणायची का?"

"एकच कशी? एकात मेहनत आहे."

"पण बाबा, उत्तरात कुठेच फरक नाही."

"अगं, मग दुसऱ्याने कॉपी केलीय."

*

पुरावा अस्तित्वातच नाही, हे कशावरून? हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला, म्हणून इथे जरा थांबते.

टाइप थिअरीत बरोबरी दोन मजल्यांवर राहते. तळमजल्यावरची यंत्राची स्वतःची. दोन्ही बाजू तो आकडेमोड करून शक्य तितक्या सोडवतो आणि शेवटी जे उरतं ते अक्षरशः जुळतं का बघतो. तिथे पुरावा लागत नाही आणि देताही येत नाही. (त्यामुळे मी 'रीत' म्हणते ते थोडं ढिलं आहे. '२ + २' आणि '४' या मजल्यावर एकच ठरतात, बाबांनी मात्र पायरी मागितली असती.) वरच्या मजल्यावर आपली बरोबरी: तिथे आपण पुरावा बनवून देतो, इंडक्शन लावतो, कष्ट करतो. माझा 'क्ष + ०'चा पुरावा वरच्या मजल्यावरचा.

आता खुबी अशी. हातात काही गृहीत धरलेलं नसताना बनवलेला बरोबरीचा कुठलाही पुरावा, कितीही लांबलचक असो, यंत्राला पूर्ण सोडवायला लावला तर शेवटी 'रिफ्ल'च उरतो. दुसरा आकारच त्याला नाही. आणि रिफ्ल तेव्हाच बसतो जेव्हा दोन्ही बाजू तळमजल्यावर आधीच एक असतात.

क्षणभर धरून चालू की 'उत्तरं सगळीकडे जुळली तर फंक्शनं बरोबर' हा नियम सिद्ध करता येतो. त्याला फंक्शन एक्स्टेन्शनॅलिटी म्हणतात, लाडाने फनएक्स्ट. त्याच्या हातात मी माझा चार ओळींचा पुरावा देते. त्यातून मला 'क्ष + ० देणारं' आणि 'क्ष देणारं' ही दोन फंक्शनं बरोबर असल्याचा पुरावा मिळतो, आणि यात काहीच गृहीत धरलेलं नाही. तो सोडवला, रिफ्ल उरला. म्हणजे दोन्ही फंक्शनं तळमजल्यावर एक असायला हवीत. यंत्र दोन्ही उघडून आत बघतं. एकीकडे अडकून बसलेलं 'क्ष + ०', दुसरीकडे नुसता क्ष. जुळत नाहीत. म्हणजे धरून चाललो तेच चूक.

शनिवारी रात्री ज्या क्षुल्लक गोष्टीवरून मी चिडले होते, तीच इथे अख्ख्या युक्तिवादाचा खांब निघाली.

आणि उलटंही सिद्ध करता येत नाही, म्हणजे 'फनएक्स्ट खोटं आहे' असंही दाखवता येत नाही. कारण टाइपला संच आणि फंक्शनला नेहमीचं गणितातलं फंक्शन मानून हे सगळे नियम वाचता येतात, आणि त्या वाचनात फनएक्स्ट खरंच असतं. यंत्र 'हो'ही म्हणत नाही, 'नाही'ही म्हणत नाही. सरकारी कचेरीत मिळतं तसं उत्तर.

माझ्यातली टेस्टर लगेच म्हणाली, मग तळमजल्याचे नियमच सैल करा. वर पुरावा मिळाला की खालीही एक मानून टाका. हे करून झालेलं आहे, आणि अग्डा जिच्यावर उभा आहे त्या टाइप थिअरीच्या जनकानेच केलेलं आहे. स्वीडिश तर्कशास्त्रज्ञ पेर मार्टिन-लॉफ यांनी सत्तरच्या दशकात आधी रीतवाली, म्हणजे इन्टेन्शनल, मांडणी केली. मग १९७९ च्या हॅनोव्हरच्या परिषदेतल्या निबंधात आणि १९८० मध्ये पदुआत दिलेल्या व्याख्यानांत (त्यांचं पुस्तक १९८४ मध्ये आलं) ते उत्तरवाल्या बाजूला गेले. तिथे वरची बरोबरी थेट खाली उतरते आणि फनएक्स्ट सहज सुटतं. आणि त्यानंतर ते पुन्हा रीतवाल्या बाजूला परतले. एवढा मोठा माणूस दोनदा कूस बदलतो हे वाचून मला माझ्या दीड वाजताच्या गोंधळाबद्दल फार वाईट वाटेनासं झालं.

परत का आले, याचं एक कारण कुणालाही पटेल असं आहे. एक फंक्शन घ्या: क्ष दिला की दोनपेक्षा मोठ्या क्षव्या सम संख्येला दोन मूळ संख्यांच्या बेरजेत मांडता येतं का ते एकेक जोडी तपासून बघायचं आणि हो किंवा नाही म्हणायचं. हे लिहायला दहा मिनिटं लागतात. दुसरं फंक्शन: काहीही दिलं तरी 'हो' म्हणायचं. ही दोन बरोबर आहेत का? हाच गोल्डबाखचा प्रश्न. १७४२ मध्ये गणितज्ञ ऑयलरला लिहिलेल्या पत्रातून निघालेला, अजून न सुटलेला. उत्तरांची बरोबरी तळमजल्यावर आणली की प्रोग्राम तपासणाऱ्या यंत्राला असल्या प्रश्नांची उत्तरं आपापली शोधता यायला हवीत, आणि ते कुठल्याच यंत्राला सरसकट जमणार नाही. मग 'हा पुरावा बरोबर आहे का' हेच यंत्राला खात्रीने सांगता येत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या न्यूपर्ल या प्रणालीने तोच मार्ग धरला आणि निभावला, पण तिथे एखादी गोष्ट अमुक टाइपची आहे हेसुद्धा माणसाला सिद्ध करून द्यावं लागतं.

यंत्राचा तळमजल्यावरचा हट्ट मला तेव्हा पटला. तो हट्टी आहे म्हणूनच त्याच्या 'हो'वर विसंबता येतं.

*

रीत कशाला मोजायची, असं वाटणाऱ्यांसाठी माझ्या आधीच्या नोकरीतली एक रात्र. विम्याच्या पॉलिसींच्या यादीतून दुबार आलेल्या नोंदी काढणारं एक फंक्शन होतं. एका सहकाऱ्याने ते नव्याने लिहिलं, सुटसुटीत, वाचायला गोड. जुन्याची आणि नव्याची उत्तरं मी ताडून बघितली. सगळ्या टेस्ट हिरव्या. सही माझी. जुनं फंक्शन पाहिलेल्या नोंदी बाजूला लावून ठेवायचं आणि तिथे शोधायचं; नवं प्रत्येक नोंद आधीच्या प्रत्येक नोंदीशी ताडायचं. टेस्टच्या पन्नास नोंदींना काय फरक पडतो? पण रात्री दोनला संपणारं काम सकाळी नऊला चालूच होतं आणि शाखा उघडल्या होत्या. "पण फंक्शन तेच आहे," असं तो मीटिंगमध्ये तीनदा म्हणाला. एक्स्टेन्शनली तेच होतं. मला तेव्हा हा शब्द माहीत नव्हता, नाहीतर मीटिंगमध्ये वापरला असता आणि आणखी वाईट दिसलं असतं.

फनएक्स्ट मान्य केलं की हा फरक व्यवस्थेच्या आतून दिसतच नाही. 'फंक्शन द्या, ते किती पायऱ्या घेतं ते सांगतो' असं मोजणीचं फंक्शन मग आत लिहिता येत नाही. दोन फंक्शनं बरोबर ठरली की मोजणीनेही त्यांना एकच आकडा द्यायला हवा, आणि सात वजाबाक्यांना आणि शून्य वजाबाक्यांना एकच आकडा कसा देणार? पायऱ्या मोजायच्या तर फंक्शनऐवजी त्याचा लिहिलेला मजकूर हातात घ्यावा लागतो.

आणि तरीही गणित करायचं तर फनएक्स्ट हवंच. ते नसेल तर प्रत्येक ठिकाणी 'बरोबर'ऐवजी 'उत्तरं जुळतात' असं लिहायचं, आणि पुढची प्रत्येक रचना ते जुळणं सांभाळते हे दरवेळी वेगळं दाखवायचं. त्या अवस्थेला जाणकार लोक 'सेटॉइड नरक' म्हणतात. मी त्याच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आले. नाव योग्य आहे.

सोपा उपाय म्हणजे फनएक्स्ट गृहीतक म्हणून लिहून टाकायचं. रॉक या अशाच आणखी एका यंत्रात (पूर्वीचं कॉक, फ्रान्सचं) त्यासाठी तयार फाइल आहे, अग्डात एक ओळ पुरते. खोटं काही सिद्ध होत नाही. मार्टिन हॉफमन यांनी १९९५ च्या एडिंबरातल्या प्रबंधात तर दाखवलं की फनएक्स्ट आणि 'एकाच बरोबरीचे दोन पुरावे एकमेकांशीही बरोबर (=) असतात' ही दोन गृहीतकं घातली की रीतवाल्या व्यवस्थेला उत्तरवाल्या व्यवस्थेची ताकद मिळते. रीतवाल्या भाषेत मांडता येणारं जे विधान तिकडे सिद्ध होतं, ते इकडेही होतं. फक्त एक खोड राहते. गृहीतक म्हणजे नुसतं नाव, त्याला आकडेमोडीचा नियम नाही. बरोबरीचा पुरावा म्हणजे एक पूल: एका बाजूचं दुसऱ्या बाजूला नेता येतं. मी ५ ही संख्या फनएक्स्टच्या पुराव्याच्या पुलावरून इकडून तिकडे नेली. पलीकडे ५ च यायला हवं. यंत्र सोडवत सोडवत 'फनएक्स्ट' या नावापाशी आलं आणि थांबलं. ना पाच, ना सहा, पाचाकडे जाणारा अर्धा पूल.

लीनने वेगळी शक्कल काढली. तिथे फनएक्स्ट सिद्ध केलेलं आहे. सगळीकडे एकच उत्तर देणाऱ्या फंक्शनांची एक मोट बांधायची. मोटेतलं कुठलंही फंक्शन घेतलं तरी क्षला उत्तर तेच, म्हणून खुद्द मोटेलाच क्ष देता येतो, म्हणजे मोट पुन्हा फंक्शन म्हणून वाचता येते. दोन फंक्शनं एका मोटेत, म्हणून त्यांच्या मोटा बरोबर, म्हणून ती वाचून मिळणारी मूळ फंक्शनंही बरोबर. वाचताना मी टाळी वाजवली. पण खोदून विचारलं की लीन कबूल करतं: 'एका मोटेतल्या गोष्टींच्या मोटा बरोबर असतात' हे गृहीतकच आहे. त्यामुळे इथेही पूल अर्धा राहू शकतो. प्रोग्राम प्रत्यक्ष चालवताना लीन पुरावे पुसून टाकतं, म्हणून तेव्हा ५ मिळतं. पुरावे तपासणाऱ्या त्याच्या गाभ्याच्या, म्हणजे तपासनिसाच्या, डोळ्यांनी सोडवायला गेलं की अडकतं.

पूल पूर्ण बांधला तो क्युबिकलवाल्यांनी. त्याआधी व्लादिमिर व्होएवोद्स्की (२००२ चे फील्ड्स पदक विजेते) यांनी दाखवलं होतं की त्यांच्या युनिव्हॅलन्स (एकमेकांशी पूर्ण जुळणारे टाइप बरोबरच मानायचे) या तत्त्वातून फनएक्स्ट आपोआप निघतं, पण ते तत्त्वही तेव्हा गृहीतकच होतं. क्युबिकल टाइप थिअरीत बरोबरी म्हणजे वाट: एका टोकाला ही गोष्ट, दुसऱ्या टोकाला ती, आणि मधल्या प्रत्येक क्षणाला काहीतरी. यात फनएक्स्टचा पुरावा एका ओळीचा आहे, आणि तो मला बाबांच्या हजेरीपटावरून कळला. हजेरीपट आडवा वाचला की एकेका मुलाचं जूनपासून एप्रिलपर्यंतचं सगळं दिसतं. उभा वाचला की एकेका दिवसाचा पूर्ण वर्ग दिसतो. 'प्रत्येक क्षसाठी एका उत्तराकडून दुसऱ्या उत्तराकडे जाणारी वाट' हे आडवं वाचन. 'वाटेवरच्या प्रत्येक क्षणाला एक पूर्ण फंक्शन' हे उभं वाचन, आणि तीच फंक्शनांमधली वाट. कागद तोच. पुराव्यात फक्त दोन चलांची जागा बदलते. अग्डाच्या क्युबिकल अवतारात मी ते लिहिलं, माझी दोन्ही फंक्शनं त्यात घातली आणि पाचाला पुलावरून नेलं. पलीकडे पाच.

तळमजल्यावर 'क्ष + ०' अजूनही अडकूनच आहे.

कापरेकरांचं काम मी लीनमध्ये केलं. ९,९९० संख्या त्यालाच तपासायला सांगितल्या. आधी मर्यादा संपली म्हणून त्याने हात वर केले, मग गाभ्यातल्या तपासनिसाकडे थेट पाठवल्या तेव्हा झालं. वर फनएक्स्टची एक ओळ. दोन्ही फंक्शनं बरोबर.

बाबांना सांगितलं.

"म्हणजे सात वजाबाक्या आणि आयतं उत्तर तुझ्या यंत्राने एकच ठरवलं?"

"सगळ्या संख्या तपासल्यावर ठरवलं, बाबा. नऊ हजार नऊशे नव्वद."

"तपासल्या ना? मग हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो आला. पाठकोऱ्या कागदावर शाईच्या पेनाने १९८६, कापरेकर गेले ते साल. खाली एकाखाली एक वजाबाक्या: ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. त्याच्याही खाली आणखी एक: ७६४१ वजा १४६७, बरोबर ६१७४.

मी लिहिलं, "बाबा, सहाव्यातच आलं होतं की. सातवी कशाला केलीत?"

"रीत सात पायऱ्यांची आहे ना."